पुढच्या खोलीतलं नेल टेबल: मार्च ते मे २०२५ च्या नोंदी

३ मार्च, सोमवार

लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण कुठल्या बेस कोटवर (जेलच्या खालचा पहिला थर) कुणाची नखं टिकली ते मला महिन्यानं आठवत नाही अन् मग त्याच चुका परत. सोलापुरात विजापूर रोडच्या एका पार्लरमध्ये दीड वर्ष काढलं, तिथलं सोडलं (ते कधीतरी लिहीन), आता घरातच पुढच्या खोलीत टेबल टाकलंय. अशोक चौकाच्या मागं, आठ बाय दहाची खोली. एका भिंतीला अम्माचं विडीचं सूप, पानांचं गाठोडं, अन् समोरच्या भिंतीला माझा जेल सुकवायचा लॅम्प, ई-फाईल (विजेवर फिरणारी), टिप्सचा डबा. दोघींचा धंदा एकाच ट्यूबलाईटखाली.

सामानाला साडेअकरा हजार गेले. ४८ वॅटचा लॅम्प, १०० अन् १८० ग्रिटच्या (खरखरीतपणाच्या) फाईल, डिहायड्रेटर (नख कोरडं करायला), अॅसिड नसलेला प्रायमर (जेल नखाला धरावं म्हणून), बेस, टॉप, बिल्डर जेल (नखाला जाडी द्यायला), अॅसिटोन, आयपीए (पुसायचं अल्कोहोल), सॉफ्ट जेलच्या टिप्स (नखावर चिकटवायची तयार नखं). अॅक्रिलिकची पावडर अन् लिक्विड पण घेतलंय पण त्याचा वास अम्माला सहन होईल का बघायचं. तंबाखूत बसणाऱ्या बाईला वासाचं काय म्हणा.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी फिक्स केली, हात पाण्यात भिजवायचे नाहीत. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, पिंपातलं पाणी मॅनिक्युअरला घालवलं तर अम्मा मलाच पिंपात घालील. पण खरं कारण ते नाही. नख पाणी पितं, फुगतं, थोडं पसरतं, त्याच्यावर जेल लावलं की नंतर नख वाळून मूळ आकाराला येतं अन् वरचं जेल कडेनं सुटतं. कोरडंच करायचं, फाईल, क्युटिकल पुशर (नखाच्या मुळाची कातडी मागं सारायला), ब्रश, बास. म्हणजे सोलापूरच्या पाण्यानं मला बरोबर पद्धतच लावली.

११ मार्च, मंगळवार

पाच सेट झाले, दोघींचं लिफ्टिंग, म्हणजे नख कडेनं सुटलं. दोन्ही सॉफ्ट जेलच्या टिप्स, दोन्ही अंगठ्याला, चौथ्या दिवशी. मी प्रायमरला शिव्या देत बसलेवते. बाटली नवीन, माल खोटा, ऑनलाईन घेतलं की असंच, वगैरे वगैरे.

अम्मा सुपातनं मान वर न करता म्हणली, दाखव बरं ते नख. सुटलेली टिप तिनं दोन बोटांत धरली, उलटी केली, माझ्या अंगठ्यावर ठेवून बघितली अन् म्हणली, हे मापाला लहान आहे की गं. पान मापाचं नसलं की विडी दाबून वळता येते, दिसायला चांगली दिसते, पण जुडी बांधेपर्यंत उकलते.

अगदी तेच. टिप नखाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत न दाबता बसली पाहिजे. मी अर्धा नंबर लहान घेऊन दाबून बसवालते, कारण मोठी टिप फाईल करायचा कंटाळा. दाबलेली टिप परत आपल्या आकारात जायला बघते, तीन दिवस जेल धरून ठेवतं, चौथ्या दिवशी सोडतं. म्हणजे प्रायमरची काही चूक नव्हती. आता नियम असा की दोन नंबरच्या मधलं नख असलं तर मोठी टिप घ्यायची अन् कडा फाईल करायच्या, आळस करायचा नाही.

अम्माला पत्र्याच्या मापानं पान कापताना मी पंचवीस वर्षं बघतेय. पत्रा ठेवायचा, कात्री फिरवायची, दिवसाला हजार विड्या म्हणजे हजार पानं. तिच्याकडनं माप शिकायला मला पार्लरमधनं फिरून यावं लागलं.

१९ मार्च, बुधवार

आजची नोंद मोठी आहे.

मागच्या आठवड्यात एक ताई आलेवत्या, शाळेत शिकवतात, घरात सहा माणसं. लांब कॉफिन शेप (टोकाकडं निमुळता, पुढं सपाट) पाहिजे होता, मोबाईलवर फोटो आणलेला. करून दिला, दिसायला एक नंबर. तिसऱ्या दिवशी फोन, ओ, दोन तुटली अन् सासूबाई बोलाल्यात. विचारलं काय करताना तुटली, म्हणल्या भाकरी थापताना.

तर काल मी स्वतःच्या दोन्ही हाताला तसाच सेट लावला अन् आज संध्याकाळी परातीला बसले. अम्मा बघायला बसली, तिला फुकट करमणूक.

पीठ मळतानाच कळलं. मळताना आपण तळहाताच्या मुळानं रेटतो खरं पण बोटं पीठ ओढून आणतात, अन् ते पीठ सगळं नखाखाली. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी म्हणून गरम पाणी घालून मळतो, ते नखाखाली जाऊन बसलं की वाळून सिमेंट. मग थापणं. थापताना हात सपाट पडला पाहिजे अन् भाकरी हाताखाली फिरली पाहिजे. लांब नखानं हात सपाट पडतच नाही, बोटं वर धरावी लागतात, अन् वर धरून थापलं की कड जाड राहते. कड पातळ करायला गेलं की नखाचं टोक टोचतं. पहिल्या भाकरीला मोजून अकरा भोकं. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगेल म्हणून बघत बसलो दोघी, फुगतीय कशाला, सगळी वाफ भोकांतनं गेली. पापड झाला. अम्मा म्हणली कडक भाकरी म्हणून विक, मंगळवार बाजारात खपेल.

दुसऱ्या भाकरीला उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख तुटलं. टोकाला नाही तुटलं, जिथं स्वतःचं नख संपतं अन् नुसती टिप सुरू होते तिथं. हेच महत्त्वाचं. थापताना दाब टोकावर येतो अन् पट्टीसारखा मागं जाऊन त्या जागी मोडतो. तिथं जाडी पाहिजे, आम्ही त्याला एपेक्स म्हणतो, नखाचा उंचवटा. फोटोतली नखं सगळीकडं सारखी पातळ दिसतात म्हणून क्लायंटला पण तसंच पाहिजे असतं अन् मी पण तसंच करून दिलेलं.

मग सोलापुरी सेट ठरवला (नाव मीच दिलंय, हसू नका).
बोटाच्या पुढं दोन-तीन मिलिमीटर, त्याच्यावर नाही. शेप चौकोनीच पण कोपरे गोल केलेले, कारण धारदार कोपरा पिठात पण टोचतो अन् पोराला आंघोळ घालताना पण. उंचवटा ताणाच्या जागेवर, टोक पातळ. अन् नखाच्या खालच्या बाजूनं फाईल करून तिथं पण टॉप कोटचा एक हात, म्हणजे पीठ धरायला खरखरीत जागाच नाही. टोकावरनं ब्रश फिरवून कड बंद करायची ते वेगळंच.

रात्री तो सेट लावला, परत बसले, चार भाकरी, चारही फुगल्या, नखाखालचं पीठ ब्रशनं एका मिनिटात निघालं. ताईंना उद्या बोलावलंय, फुकट करून देणार.

३० मार्च, रविवार, पाडवा

सात क्लायंट. पाठ गेली. श्रीखंड रात्री दहाला खाल्लं. बाकी काही नाही.

८ एप्रिल, मंगळवार

उजव्या हाताच्या अंगठ्याला अन् पहिल्या बोटाला आठ दिवस झाले खाज. आधी वाटलं उन्हाचं. मग बारीक फोड आले, कातडी सोलायला लागली. आज स्किनच्या डॉक्टरांकडं गेले, त्यांनी हात उलटा-सुलटा बघितला अन् पहिला प्रश्न, काम काय करता.

जेलची अॅलर्जी. न सुकलेलं जेल कातडीला परत परत लागलं की शरीर एक दिवस ठरवतं की आता बास, अन् एकदा ठरवलं की ते सहसा जन्मभराचं. जेलमध्ये हेमा नावाचा घटक असतो, अॅक्रिलेटच्या खानदानातला, त्याच्यानं लई जणांना होतं. युरोपात तर हेमा असलेल्या नेलच्या मालावर फक्त प्रोफेशनल वापरासाठी असं छापावंच लागतं. डॉक्टर म्हणले पुढं कधी दाताचं काम करायचं असेल तर डेंटिस्टला ही अॅलर्जी सांगा, दातात भरायच्या काही मटेरियलमध्ये ह्याच जातीचे घटक असतात. घरी येईपर्यंत मी दातांचाच विचार करालते.

मला कुठनं लागलं ते शोधलं. बाटलीचं तोंड. प्रत्येक वेळी ब्रश पुसताना बाटलीच्या गळ्याला जेल ओघळतं, चिकट राहतं, अन् झाकण मी ह्याच अंगठ्यानं अन् ह्याच बोटानं उघडते. शिवाय क्युटिकलला सांडलेलं जेल पार्लरमध्ये आम्ही बोटानंच पुसायचो, नखानं खरवडून. मालकीणबाई म्हणायच्या ग्लोव्हजनं क्लायंट घाबरते. त्याच बाई अॅक्रिलिकचं लिक्विड बिनलेबलच्या डब्यातनं सुट्टं आणायच्या, वास नाकात जायचा तो डोक्यातनं निघायचा नाही, अन् ती नखं अॅसिटोनमध्ये अर्धा तास ठेवली तरी विरघळायची नाहीत, चिमट्यानं ओढून काढावी लागायची, खालचं नख सोलून यायचं. अशी लक्षणं म्हणजे एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असायचा दाट संशय. अमेरिकेत एफडीएनं शुद्ध एमएमएच्या नेल मालावर १९७० च्या दशकातच कारवाई केलीय. नंतरचं चांगलं लिक्विड ईएमएचं (इथाइल मेथाक्रिलेटचं) असतं. मी विचारलं डब्यावर लेबल का नाही, तर उत्तर आलं तुला काम करायचंय का नाही. म्हणून सोडलं. आली बघा ती गोष्ट.

आता असं: नायट्रिलचे ग्लोव्हज, लेटेक्सचे नाहीत. अन् नायट्रिल घातलं म्हणून राजा झालो असं पण नाही, जेल पातळ ग्लोव्हमधनं काही मिनिटांत आत जातं, जेल लागलं की लगेच बदलायचं. बाटलीचं तोंड प्रत्येक क्लायंटनंतर आयपीएनं पुसायचं. अन् क्लायंटच्या कातडीला जेल लागलं तर लॅम्पच्या आधी लाकडी काडीनं काढायचं, त्यांना पण हीच अॅलर्जी होऊ शकते.

अम्मा माझा हात बघून म्हणली, तुला दीड वर्षातच? मला तंबाखूचं हातात भिनायला दहा वर्षं लागली.

१७ एप्रिल, गुरुवार

पारा चाळीसच्या वर, खोलीवर पत्रा. उन्हाळ्याच्या तक्रारी एकत्र लिहून टाकते.

अॅक्रिलिक बंद. थंडीत पावडर-लिक्विडचा ओला मणी ब्रशनं उचलून नखावर ठेवून दाबायला वेळ मिळतो, इथं ब्रश नखाला लागेपर्यंत घट्ट. जेलचं उलटं, उन्हानं पातळ होतं, बाजूच्या खाचेत पळतं. बिल्डरची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, फ्रिजमध्ये ठेवलेली तर दह्याशेजारी बघून अम्मानं काढून टाकली अन् तिचं बरोबरच आहे. कूलर लावला तर फाईलचा भुगा सगळीकडं, म्हणून तोंड दाराकडं फिरवलंय, क्लायंटला वारा लागतो, मला नाही.

काल दुपारी साडेआठशेचा लायनर ब्रश खिडकीत ठेवून जेवायला गेले. ऊन तिरपं आत आलं. आले तर ब्रश नाही, सुई झालेली. उन्हात यूव्ही असतंच की, जेलला काय कळतंय हे ऊन आहे का लॅम्प.

आता शेजारचं सांगते. भिंतीला लागून मामांचे चार माग, टॉवेलचे. दिवसभर खटाक खटाक, टेबल हलतं, अन् नेल आर्टची बारीक रेघ काढताना ती रेघ पण मागाच्या तालावर नाचते. माग कधी थांबतात तर लाईट गेल्यावर. अन् लाईट गेली की माझा लॅम्प पण बंद. म्हणजे हात स्थिर असतो तेव्हा जेल सुकत नाही अन् जेल सुकतं तेव्हा हात स्थिर नाही. दीड महिना हा खेळ चाललाय.

बॅटरीवाला लॅम्प घेतला शेवटी. पण त्यातही मेख आहे, चार्जिंग उतरलं की स्वस्तातल्या लॅम्पचा उजेड मंद होतो, आपल्याला डोळ्याला सारखाच दिसतो, जेल वरनं कडक अन् आत कच्चं. कच्चं जेल म्हणजे लिफ्टिंग अन् अॅलर्जी दोन्ही. म्हणून अर्ध्याच्या खाली चार्जिंग गेलं की वापरायचा नाही. अन् नुसत्या वॅटवर जाऊ नका, जेल कुठल्या वेव्हलेंग्थला सुकतं ते बघा, बहुतेक लॅम्प ३६५ अन् ४०५ नॅनोमीटर दोन्ही देतात, जेलच्या कंपनीनं सांगितलेला लॅम्प असला तर उत्तमच.

आता लाईट गेली की मी रेघा काढायला बसते. मामांचं नुकसान, माझी नेल आर्ट.

२४ एप्रिल, गुरुवार

अक्षय तृतीयेचं लग्न घेतलंय, नवरीला दुधी पांढरी नखं पाहिजेत. मेंदी, मग हळद, मग लग्न. मेंदीच्या आधी नखं केली तर वरनं निलगिरीचं तेल, लिंबू-साखर सगळं लागणार. मेंदीनंतर केली तर ओल्या रंगावर माझे अॅसिटोन-आयपीए. नखं आधीच करायची ठरली. मेंदीवालीला नखाच्या कडेपासून थोडं लांब राहायला सांगितलं. राहिला प्रश्न हळदीचा.

प्रयोग केला. सहा टिप्स पांढऱ्या रंगवल्या. दोन मॅट टॉप, दोन चकचकीत टॉप नीट सुकवून पुसलेल्या, दोन चकचकीतच पण वरचा चिकट थर न पुसता. सहाही टिप्सना हळद-तेलाचा लेप, अर्धा तास. मॅटवाल्या पिवळ्याधमक, चिकटवाल्या त्याहून वाईट, पुसलेल्या चकचकीत फक्त फिक्या पिवळ्या. मग सगळ्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. संध्याकाळी फिक्यावाल्या परत पांढऱ्या, बाकीच्या पण बऱ्याच उतरल्या. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हळद लागलेल्या साडीचा डाग आजी उन्हातच वाळवायची की.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

सगळं सांगितलेलं, एकच सांगायचं राहिलं. काल हळद झाल्यावर नवरीनं हात कपडे धुवायच्या वडीनं धुतले. रात्री नऊला व्हिडिओ कॉल, नवरी रडालीय, मागं तिची आत्या ओरडालीय, नखं लालभडक. मला पण क्षणभर घाम फुटला, मग लक्षात आलं, हळदीत क्षार पडला की ती लाल होते. हळद अन् चुना म्हणजे कुंकू, घरोघरी माहितीय. म्हणलं रडू नका, लिंबू फिरवा. लिंबू लावलं, लाल जाऊन परत पिवळं झालं. मग आज सकाळी लवकर गेले, वरचा टॉप कोट हलका फाईल केला, नवीन लावला, दहा बोटं चाळीस मिनिटं, खाली सनई सुरू झालेली. आत्याबाईंनी जाताना दोनशे जास्त दिले अन् वर विचारलं, कुंकवाचा रंग मुद्दाम देता येतो का.

९ मे, शुक्रवार

एका नर्सताईंना नाही म्हणलं. वॉर्डात ड्युटी, पेशंटला हात लावायचं काम, त्यांना एक्स्टेन्शन पाहिजे. डब्ल्यूएचओच्या हात धुण्याच्या नियमावलीतच आहे की पेशंटच्या थेट संपर्कातल्यांनी कृत्रिम नखं लावायची नाहीत, नखाखाली जंतू राहतात. त्या म्हणल्या सगळ्याजणी लावतात. असतील. लग्नाला सुट्टीवर जाल तेव्हा लावून देते, परत ड्युटीच्या आधी काढून देते. जरा चिडून गेल्या. मग फाईल अन् बफ करून घ्यायला परत आल्या, तेवढ्यावर खूश.

अम्माचं पण आज पहिल्यांदा काम केलं. तिनंच हात पुढं केला. मी फाईल घेतली तर उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख आत ओढून घेतलं, म्हणली, ह्याला हात लावायचा नाही. विडीचं तोंड मुडपायला तेच नख लागतं, एका बाजूनं झिजून तिरकं झालंय, कात्रीच्या पात्यासारखं. मी लहान केलं असतं तर दुसऱ्या दिवशीची मजुरी गेली असती. नऊ नखं केली.

२० मे, मंगळवार

माल संपला, नवीन मागवायचा. युरोपात टीपीओ नावाचा घटक १ सप्टेंबर २०२५ पासून नेल मालात चालणार नाही. जेल लॅम्पखाली सुकवायला मदत करतो तो. आपल्याकडं त्याची बंदी नाही, पण तिकडं न खपलेला माल इकडं स्वस्तात येणार हे सांगायला ज्योतिषी नको. सप्लायरला विचारलं टीपीओ नसलेलं द्या, तो म्हणला मॅडम सगळं ओरिजिनल आहे. विचारलं काय, सांगतोय काय. घटकांची यादी छापलेली नसेल तर बाटली घ्यायचीच नाही एवढं ठरवलंय. महाग पडतंय, सेटमागं साठ-सत्तर रुपये वाढवावे लागतील.

२७ मे, मंगळवार

पाऊस ह्या वेळी मेमध्येच. पत्र्यावर एवढा आवाज की क्लायंट काय बोलालीय ते कळेना, मागाचा आवाज पण दबला.

हिशोब: १९ मार्चपासून सोलापुरी सेट एकतीस, त्यात लिफ्टिंग चार नखांचं, तुटली दोन (एक दाराच्या कडीत, एक नवऱ्याशी भांडताना, पुढं विचारलं नाही). लांब सेट नऊ, त्यात तुटलेली अकरा. लांब करायला माझी ना नाही पण आधी विचारते, घरात भाकरी कोण करतं. कामवाल्या मावशी असतील तर पाहिजे तेवढं लांब.

शाळेतल्या ताई तिसऱ्या रिफिलला (नख वाढल्यानं मागं राहिलेली जागा भरायला) आल्या आज. तीन आठवड्यांत नख दोन मिलिमीटर पुढं गेलेलं, उंचवटा पण पुढं सरकलेला, तो मागं घेतला. सासूबाईंना सोबत घेऊन आल्या. सासूबाईंनी खुर्चीवर बसून माझं टेबल बघितलं, अम्माचं सूप बघितलं, मग म्हणल्या, मला रंग नको, पण ते खालनं गुळगुळीत करता ना, तेवढं करा. केलं. पन्नास रुपये घेतले.

बोटाची खाज कमी आहे पण गेलेली नाही. डॉक्टरांकडं शनिवारी. उद्या पाणी यायचा दिवस, सकाळी पिंपं भरायचीत, म्हणून दहाच्या आधी कुणालाच बोलावलेलं नाही.